रेडिओच्या निवेदकाला श्रोत्यांनी निरोप कसा द्यावा

आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावरून वर्षानुवर्षे रोज ऐकलेला एखादा आवाज एका सकाळी अचानक ऐकू येत नाही. संकेतधून तीच वाजते, वंदे मातरम् आणि मंगलवाद्यही नेहमीप्रमाणे होते. मात्र नमस्कार करणारी व्यक्ती निराळी असते. चार दिवसांनी कोणीतरी चौकशी केली म्हणजे कळते, की बाई महिनाअखेरीस निवृत्त झाल्या. मग श्रोता मंडळांत हळहळ व्यक्त होते, घाईघाईने एखादे सभागृह मिळवले जाते, आणि शाल, श्रीफळ व भाषणे यांपलीकडे न गेलेला एक कार्यक्रम पार पडतो. अशा तीन समारंभांच्या आयोजनात माझा सहभाग होता. पहिला साफ फसला, दुसरा बरा झाला आणि तिसरा मनासारखा झाला. त्या अनुभवावरून, शहरातील आणि तालुक्यांतील श्रोता मंडळांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निवेदक सारी नोकरी बंद खोलीत, समोर कोणीही नसताना बोलत आलेला असतो. त्याचा आवाज आपल्या स्वयंपाकघरात आला, मागाजवळ आला, शेतातल्या झाडाला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर आला. आपला आवाज त्याच्यापर्यंत फारसा पोहोचलाच नाही. म्हणून निरोपाच्या दिवशी श्रोत्यांनी बोलावे आणि निवेदकाने ऐकावे, अशी उलटी मांडणी करावी. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीच्या सोयीसाठी आहेत.

तारीख आणि नियम

केंद्र सरकारच्या सेवानियमांप्रमाणे वयाची ६० वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती होते. परंतु जन्मतारीख महिन्याची पहिली असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर गुरुजींनी सरसकट १ जून हीच जन्मतारीख लिहिलेली असल्यामुळे पुष्कळ मंडळी ३१ मे रोजी निवृत्त होतात, आणि निवेदकही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा तर्क लढवण्यापेक्षा किमान तीन महिने आधी स्वतः निवेदकांनाच तारीख विचारावी.

सार्वजनिक सत्कार मात्र त्या तारखेच्या आधी ठेवू नये. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील १४व्या नियमानुसार सेवेत असलेल्या कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही, किंवा स्वतःच्या सन्मानार्थ भरलेल्या सभेस जाता येत नाही. निवृत्तीनिमित्त होणाऱ्या खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाच्या निरोपाला सूट आहे. पण फलक, मानपत्र आणि पाहुणे असलेला समारंभ त्या सवलतीत बसवण्याचा हट्ट कशासाठी धरावा? आकाशवाणी ज्या स्वायत्त संस्थेखाली चालते ती प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आली असली, तरी जुन्या भरतीचे कर्मचारी सरकारी सेवानियमांच्या चौकटीतच राहिलेले आहेत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी समारंभ ठेवला, म्हणजे कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही. वर्गणी गोळा करताना केंद्रातल्या सहकाऱ्यांकडे हात पसरू नये. श्रोत्यांचा निरोप श्रोत्यांच्याच पैशाने व्हावा.

जूनच्या आरंभी सोलापूरचे ऊन पुरते उतरलेले नसते आणि पाऊस आलाच तर तो संध्याकाळी वादळ घेऊन येतो, त्यामुळे सकाळी नऊ ते साडेअकरा ही वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. करमाळा, सांगोला किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांना त्याच दिवशी दिवसाउजेडी परतताही येते. आषाढी वारीचे दिवस टाळावेत. पंढरपूर आणि माळशिरसकडील निम्मे श्रोते त्या काळात वारकऱ्यांच्या व्यवस्थेत गुंतलेले असतात.

शेवटची सभा

रेडिओवरच्या प्रसारणाच्या प्रत्येक सत्राला सभा म्हणतात, आणि निवेदकाची शेवटची सभा कोणती हे पाळीच्या तक्त्यावरून ठरते. ती शेवटच्या तारखेलाच येईल असे नाही. श्रोत्यांना त्या सभेत भाग घ्यायचा असेल, तर फर्माईश हा सर्वांत सरळ मार्ग आहे. महिनाभर आधी पोस्टकार्डावर फर्माईश पाठवावी. साधे कार्ड अजून ५० पैशांनाच मिळते, फक्त ते टपाल कचेरीत मागून घ्यावे लागते. त्यावर निरोपाचा मजकूर एका वाक्यात लिहावा, कारण निवेदकाला स्वतःचेच कौतुक माइकवरून वाचून दाखवणे संकोचाचे वाटते आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत.

फोनवर थेट बोलण्याचा कार्यक्रम असेल आणि आपला फोन लागला, तर आधी आपल्या रेडिओचा आवाज पूर्ण बंद करावा. नाहीतर तोच आवाज फोनमधून पुन्हा स्टुडिओत शिरतो आणि शिट्टीसारखा कर्कश नाद उठतो. नाव, गाव आणि एक आठवण एवढेच बोलावे. रडू येणार असेल तर गाण्याचे नाव आधी सांगून टाकावे. हे मी थट्टेने लिहीत नाही. आमच्यातल्या एका काकांना हुंदका अनावर झाला आणि त्यांची फर्माईश कोणती होती हे शेवटपर्यंत कोणालाच कळले नाही. सभा चालू असताना ड्यूटी रूमच्या फोनवर शुभेच्छांचा भडिमार मात्र करू नये, कारण तेथील अधिकाऱ्याला सबंध प्रसारणाकडे लक्ष द्यायचे असते.

ही सभा ध्वनिमुद्रित करून ठेवावी. रेडिओच्या हेडफोनच्या जागेतून तार घेऊन ती संगणकाला किंवा रेकॉर्डरला जोडली, तर खोलीतला पंखा आणि शेजारचा कुकर मुद्रणात येत नाही. स्मरण म्हणून घरी ठेवणे निराळे आणि ते इंटरनेटवर टाकणे निराळे, एवढा भेद मात्र पाळावा. स्वामित्वहक्क कायद्याच्या ३७व्या कलमान्वये प्रसारणावर प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षे राहतो, शिवाय त्यातल्या गाण्यांचे हक्क वेगळे असतात. म्हणून समारंभात काही भाग वाजवायचा झाल्यास केंद्राकडे लेखी परवानगी मागावी.

आठवणी कशा गोळा कराव्यात

सर्वाधिक वेळ आणि कष्ट या कामाला द्यावेत. दोन महिने हाताशी असावेत.

श्रोत्यांना 'बाईंविषयी तुम्हाला काय वाटते?' असे विचारले, की हमखास 'मधुर आवाज', 'आमच्या घरातल्याच एक' अशी उत्तरे येतात. पन्नास जणांकडून तीच दोन वाक्ये ऐकणे निवेदकालाही जड जाते. त्याऐवजी असे विचारावे: रेडिओ घरात कुठे ठेवलेला होता? त्या वेळी तुमचे हात कोणत्या कामात असत? त्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट तुम्ही खरोखर करून पाहिली? या प्रश्नांना जी उत्तरे येतात ती ऐकण्यासारखी असतात. विड्या वळणाऱ्या एका आजींनी आम्हाला सांगितले, की दुपारच्या सभेतली गाणी किती झाली यावरून त्या विड्यांचा हिशेब धरीत, घड्याळाकडे पाहत नसत. यंत्रमाग कारखान्यातल्या एका कामगाराने सांगितले, की खडखडाटात शब्द कळतच नसत. पण निवेदन चालू आहे की गाणे, एवढे आवाजाच्या चढउतारावरून ओळखू येई आणि तेवढे पुरे होई. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हवामानाचा अंदाज ऐकून मळणी एक दिवस पुढे ढकलल्याची हकिगत तारीखवार सांगितली, आणि तो अंदाज चुकला होता हेही हसत हसत सांगितले. अशी आठवण वगळू नये. तिच्यामुळे बाकीच्या आठवणींवर विश्वास बसतो.

ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्याकडे जाऊन मोबाइलवर एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे. ते शक्यतो त्यांच्या कामाच्या जागीच करावे, म्हणजे मागाचा, सुपातल्या तंबाखूचा, चुलीवरच्या तव्याचा आवाज पाठीमागे राहतो. निवेदकाने आजवर केवळ कल्पनेत पाहिलेले घर त्याला यातून ऐकू येते. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरावा, समोर धरल्यास श्वासाचा फटका बसतो.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागात घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड आहे, कितीतरी मोहल्ल्यांत दखनी आहे; आणि ही सगळी माणसे मराठी निवेदन ऐकत आली आहेत. त्यांना मराठीतूनच बोला असे सांगू नये. ज्या भाषेत त्या रेडिओविषयी घरात बोलणे झाले, त्याच भाषेत आठवण येऊ द्यावी आणि खाली मराठीत दोन ओळींचा सारांश द्यावा.

पत्रे जमवताना प्रत्येकाने आपला पत्ता पूर्वी फर्माईशीच्या कार्डावर जसा लिहीत असे तसाच लिहावा: मु. पो., तालुका, आणि बरोबर घरातल्या सगळ्यांची नावे. जुन्या निवेदकांना माणसे चेहऱ्याने माहीत नसतात, ती हस्ताक्षराने आणि गावाच्या नावाने माहीत असतात. नुसते आडनाव सांगितल्यावर कोरा राहिलेला चेहरा 'मु. पो. अमुक, ता. मंगळवेढा' असे म्हणताच कसा उजळतो, हे मी पाहिले आहे.

समारंभ

आमच्या पहिल्या समारंभात मंचावर नऊ पाहुणे होते. प्रत्येकाने 'मी फार वेळ घेणार नाही' असे म्हणून पंधरा मिनिटे घेतली, आणि ज्यांच्यासाठी हे सारे योजले होते त्या निवेदिकाबाईंच्या हाती माइक आला तेव्हा सभागृहाची मुदत संपत आली होती. तालुक्यांतून आलेले श्रोते एस.टी.च्या वेळेकडे पाहत आधीच उठले होते. बाई चार मिनिटे बोलल्या. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर बोलण्याची सवय असल्यामुळे त्या चार मिनिटांतही त्यांनी नेमके बोलून घेतले, ही त्यांची पुण्याई. आमची व्यवस्था त्या लायकीची नव्हती.

तेव्हापासून मंच ठेवायचा नाही, असे आम्ही ठरवले. मोठे नाट्यगृह भाड्याने घेण्याचे कारण नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयाचे अ‍ॅम्फी थिएटर किंवा त्याच आकाराची एखादी जागा पुरते, कारण शंभर-दीडशे श्रोते एकमेकांना दिसले पाहिजेत. निवेदकाची खुर्ची श्रोत्यांमध्येच, पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवावी, आणि फिरता माइक श्रोत्यांकडे न्यावा. पंचवीस श्रोते, प्रत्येकी दोन मिनिटे, मध्ये पाच-सहा ध्वनिमुद्रणे, आणि शेवटी निवेदकाला पाऊण तास. अध्यक्ष असलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरला, तर सर्वांत वयोवृद्ध श्रोत्याला अध्यक्ष करावे. सूत्रसंचालन हौशी माणसाकडे देऊ नये. ते काम केंद्रावरच्या नैमित्तिक उद्घोषकांपैकी कोणाला सन्मानाने सांगावे. महिन्यातून मोजक्या पाळ्या करणाऱ्या या मंडळींना सेवेतल्या कर्मचाऱ्यांसारखी निवृत्ती नसते, त्यामुळे निरोपही नसतो. एखाद्या महिन्यात बोलावणे आले नाही, एवढ्यावर त्यांचा आवाज थांबतो. त्यांचेही आभार त्या दिवशी सर्वांसमोर मानावेत.

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी वाहनाची सोय आधी ठरवावी आणि त्यांना निवेदकाच्या शेजारी बसवावे. रेडिओशी त्यांचे नाते आपल्या सर्वांहून जुने आणि पक्के असते. ओळख करून देण्याची घाई करू नये. निवेदकाला सहज एखादे वाक्य बोलू द्यावे, पुढचे आपोआप होते.

भेटवस्तूंबाबत आधी एकमत करून घेतले नाही, तर निवेदकाच्या घरी सोलापुरी चादरींचे गठ्ठे जातात. एका निवेदकांना सात चादरी मिळाल्या, आणि त्यांनी त्या पुढे दोन वर्षे लग्नकार्यांत वापरल्या. मंडळांनी मिळून एकच चादर द्यावी, आणि उरलेला पैसा पत्रांच्या जतनासाठी ठेवावा.

पत्रांची पेटी

जमलेली पत्रे नव्या-जुन्या पोस्टकार्डांसह एका पेटीत द्यावीत. त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि रबर तर मुळीच बांधू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला कायमचे चिकटते. सुती फितीने सैल बांधावीत. तालुका आणि वर्ष यांच्या नोंदी मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला कराव्यात. पेटी पत्र्याची असेल तर ती गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका, असे घरच्यांना सांगावे. प्रत्येक पत्राची ३०० डीपीआयची स्कॅन प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. निवेदकांकडे स्वतःच्या कार्यक्रमांच्या कॅसेट असतील, तर त्या संगणकावर उतरवून देण्याचे काम मंडळातल्या एखाद्या तरुणाने अंगावर घ्यावे. तासाभराचे मुद्रण न आवळता (कॉम्प्रेस न करता) ठेवले, तर साधारण ६०० एमबी जागा लागते. तेवढी जागा आता कोणाकडेही असते. जमल्यास उत्तम.

निवृत्तीनंतर निवेदकांचा फोन क्रमांक त्यांना विचारल्याखेरीज गटावर टाकू नये. पहाटेच्या सभेसाठी वर्षानुवर्षे अंधारात उठलेल्या माणसाला सकाळी सहाला 'ओळखलंत का?' असे विचारणारा फोन करू नये. भेटीला जायचे तर महिना-दीड महिन्याने दोघा-तिघांनीच जावे.

समारंभ झाल्यानंतरच्या आठवड्यात एक कार्ड केंद्राच्या पत्त्यावर, त्या जागी आलेल्या नव्या निवेदकाच्या नावे टाकावे. त्यात तुलना नसावी. नाव, मु. पो., तालुका, घरातल्यांची नावे, आणि एक फर्माईश.