लेसिकची तयारी: तपासणीपासून थेंबांपर्यंत

लेसिक म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला, म्हणजे कॉर्नियाला, लेझरने आकार देऊन चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया. आधी चष्म्याचे जुने कागद शोधून ठेवा. वय 18 पूर्ण हवं आणि वर्षभरात नंबर 0.5 पेक्षा जास्त बदललेला नको. वाढता नंबर असताना लेझर केलं तर नंबर पुढेही वाढत राहतो आणि चष्मा परत लागतो. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर सध्या थांबा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवातासारखा आजार असेल, डोळ्याला कधी नागीण झाली असेल, तर विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. भरतीची तयारी करणाऱ्यांनी त्या पदाचे वैद्यकीय निकष आधी वाचावेत. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट पदासाठी लेसिक झालेले उमेदवार अपात्र ठरतात. आरोग्य विमा साधारणपणे साडेसातच्या खालच्या नंबरसाठी या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही, म्हणून पैशांची सोय त्या हिशेबाने करा.

तपासणीला जाण्याआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवा. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, मग तपासणीत काढलेला त्याचा नकाशाच चुकीचा निघतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो. गॉगल घ्या, गाडी स्वतः चालवू नका. याच वेळी डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासतात. त्यात छिद्र किंवा पातळ झालेला भाग सापडला तर आधी त्याचा इलाज होतो.

सगळ्यात जास्त वेळ कॉर्नियाच्या स्कॅनच्या रिपोर्टवर द्या, कारण खरा निर्णय तिथेच होतो. समजा जाडी 540 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. फ्लॅपला, म्हणजे लेझरआधी कापून उचलायच्या वरच्या पापुद्र्याला, 110 जातात आणि लेझरने एका नंबरमागे साधारण 14 धरले तर उणे पाचला 70. खाली 360 उरतात, म्हणजे भरपूर. पण जाडी 480 आणि नंबर उणे आठ असेल तर उरतात जेमतेम 258. किमान 250 हवेत हा जुना नियम, पण बरेच सर्जन 300 च्या खाली जायला तयार नसतात आणि ते बरोबरच आहे. पातळ राहिलेला कॉर्निया पुढे फुगून वाकडा होऊ शकतो. नकाशात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होत शंकूसारखा फुगण्याच्या आजाराची) शंका असेल तर लेसिकला नकार मिळतो. तो नकार माना, दुसरीकडे होकार शोधत फिरू नका. कॉर्निया निरोगी पण पातळ असेल तर फ्लॅप न कापता होणारी लेझर शस्त्रक्रिया म्हणजे पीआरके किंवा डोळ्यात बसवायची लेन्स यांबद्दल विचारा. अश्रूंची कागदी पट्टीची चाचणीही करून घ्या. आधीच कोरडे असलेले डोळे लेझरनंतर आणखी कोरडे होतात, कारण फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात.

तारीख रंगपंचमी किंवा विसर्जन मिरवणुकीच्या तोंडावर घेऊ नका; गुलाल ताज्या फ्लॅपला मानवणारा नाही. दोन-तीन दिवस आधीपासून काजळ आणि मेकअप बंद. त्या दिवशी अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह काहीच नको, त्यांची वाफ लेझरच्या कामात अडथळा आणते. पुढून बटणं असलेला शर्ट घाला, हलकं जेवून जा, सोबत माणूस न्या.

आत गेल्यावर भूल म्हणजे फक्त थेंब. पापण्या उघड्या ठेवायला क्लिप लावतात. सक्शन रिंग बसली की डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद अंधारतं. हे अपेक्षितच आहे, श्वास रोखून धरू नका. फ्लॅप उचलल्यावर समोरचा दिवा धूसर होतो, टकटक आवाज येतो, जळकट वास येतो. नजर दिव्यावरच ठेवा. डोळा थोडा हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं आणि जास्त हलला तर थांबतं. दोन्ही डोळ्यांचं मिळून काम साधारण अर्ध्या तासात आटोपतं.

घरी पोहोचल्यावर चार-सहा तास जळजळ आणि पाणी असतं. झोपून घ्या. डोळे चोळणं पूर्ण बंद. पहिल्या दिवसांत फ्लॅपला सुरकुती पडली किंवा तो सरकला तर पुन्हा उचलून बसवावा लागतो. आठवडाभर झोपताना प्लास्टिकचं कवच चिकटपट्टीने लावा, डोक्यावरून पाणी घेऊ नका, फोडणीच्या धुरापासून दूर राहा. पोहणं महिनाभर नको. थेंब घालताना हात धुवा, स्टेरॉइडची बाटली हलवून घ्या, दोन औषधांत पाच मिनिटं सोडा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. स्टेरॉइड स्वतःहून लांबवलं तर डोळ्याचा दाब वाढतो. कृत्रिम अश्रू मात्र काही महिने लागतात, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. पांढऱ्या भागावरचा लाल डाग दोन-तीन आठवड्यांत जातो आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं बहुतेकांची काही महिन्यांत कमी होतात. पण वाढत जाणारं दुखणं, वाढती लाली किंवा काल दिसत होतं त्याहून आज धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. पीआरके असेल तर पहिले दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, पट्टीसारखी लेन्स चार-पाच दिवस राहते आणि नजर हळूहळू उघडते.

चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच. मायनस नंबर मोठा होता त्यांनी पडद्याची वार्षिक तपासणी सोडू नये, कारण लेझरने फक्त कॉर्निया बदलतो, डोळ्याची लांबी तीच राहते. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी यांचे रिपोर्ट आयुष्यभर जपा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढताना हे आकडे उपयोगी पडतात आणि काचबिंदूसाठी दाब मोजताना तो पातळ कॉर्नियामुळे खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हेही त्याच कागदांवरून नव्या डॉक्टरांना कळतं.