लोंबणारं हँडल बदललं

बेडरूमच्या दाराचं हँडल खाली लोंबायला लागलं होतं. आईला दार उघडायला दोन्ही हात लावावे लागायचे, ते बघवेना. हँडल ज्या पट्टीवर बसवलेलं असतं, तिचे स्क्रू काढून पाहिलं, तर आतली स्प्रिंग तुटलेली आणि दोन्ही बाजूंची हँडलं जोडणारा चौकोनी दांडा हँडलच्या ज्या भोकात बसतो, त्याच्या कडा झिजून पार गोल झालेल्या. कुलूप मात्र ठणठणीत, म्हणून तेच ठेवलं.

पुण्यातल्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, नवं हँडल घ्यायला जाताना जुनं हँडल सोबत न्याच. दांड्याच्या मध्यापासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर जुळलं नाही, तर नवी पट्टी बसतच नाही. दांडा बहुतेक वेळा ८ मिमीचा असतो. स्क्रूची जुनी भोकं सैल झाली होती; त्यांत फेविकॉल लावून काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू पिळले. दार लावण्याआधी, उघडं असतानाच चावी फिरवून बघा.