एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलाय? मग नुसता कोर्स करून थांबू नका

रिपोर्टवर एच. पायलोरी (जठरात राहणारा एक जंतू) पॉझिटिव्ह दिसलं की बरेच जण गोळ्यांचा कोर्स करतात, जळजळ थांबली की फाईल कपाटात. प्लीज असं करू नका. हा जंतू जठराच्या कॅन्सरचं कारण आहे हे 1994 पासून अधिकृतपणे मान्य आहे, पण आता मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशीही त्याचा संबंध दिसायला लागलाय. अमेरिकेत आठ लाखांहून जास्त माजी सैनिकांचा अभ्यास 2024 मध्ये आला, त्यात इन्फेक्शन असलेल्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर साधारण 18 टक्के जास्त निघाला, आणि पॉझिटिव्ह येऊनही ज्यांनी औषध घेतलं नाही त्यांच्यात, घेतलेल्यांपेक्षा 23 टक्के जास्त. याचा अर्थ शंभरात 18 जणांना कॅन्सर होतो असा अजिबात नाही, मुळात जो धोका असतो तो तेवढ्यानं वाढलेला दिसला, आणि जंतूमुळेच वाढला हे अजून सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे हे इन्फेक्शन घरोघरी आहे, त्यामुळे घाबरू नका, पण अर्धवटही सोडू नका.

आधी टेस्टचं. श्वासाची किंवा स्टूल अँटिजेन (शौचात जंतूचे अंश शोधणारी) टेस्ट करा, एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर बघणं) होणारच असेल तर त्यातच जठराचा छोटा तुकडा घेऊन बघतात. रक्ताची अँटीबॉडी टेस्ट टाळा कारण जंतू गेल्यावरही ती पॉझिटिव्ह येत राहते. टेस्टच्या आधी 2 आठवडे अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या आणि 4 आठवडे अँटिबायोटिक बंद हवीत, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतो (गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच).

कोर्स सहसा 14 दिवसांचा असतो. तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि आठव्या-नवव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून लोक सोडून देतात, तिथेच घात होतो, उरलेला जंतू त्याच औषधाला दाद देत नाही. आधी कधी कुठली अँटिबायोटिक घेतलीत ते डॉक्टरांना सांगा, आपल्याकडे मेट्रोनिडाझोल इतकं सर्रास खाल्लं जातं की ते बऱ्याचदा लागूच पडत नाही. कोर्समध्ये बिस्मथ नावाचं औषध असेल तर ते चालू असताना शौचाला काळं होतं, ते नॉर्मल आहे. बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

कोर्स संपल्यावर निदान 4 आठवड्यांनी परत टेस्ट. हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, कारण बरं वाटणं म्हणजे जंतू गेला असं नाही.

आणि जंतू गेला म्हणून आतडं तपासायचं राहू देऊ नका. शौचातून रक्त पडलं की मूळव्याध म्हणून मलम लावत बसणारे खूप आहेत. रक्त, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना वजन उतरणं, पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी, यातलं काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन कोलोनोस्कोपीचं (नळीनं मोठं आतडं आतून तपासणं) विचारा. आईवडील किंवा भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसतानाही वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.