लायसन्स निलंबनाची नोटीस आल्यावर सुनावणीपूर्वी करावयाची तयारी

वाहतूक पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवले असेल, तर सर्वप्रथम हातातल्या पोचपावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते पाहावे. अतिवेग, धोकादायक रीतीने किंवा मद्यपान करून वाहन चालवणे, हेल्मेट न घालणे, दुचाकीवर तिघांनी बसणे किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणे या कारणांवरून मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) खाली जप्ती झाली असेल, तर त्या पावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत वाहन चालवता येत नाही. पावती दाखवली की भागते, हा समज या कलमापुरता चुकीचा आहे.

दुसरी गफलत दंडाबाबत होते. चलान भरले म्हणजे प्रकरण मिटले असे मानून अनेकजण नोटिशीकडे दुर्लक्ष करतात. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०० मध्येच स्पष्ट केले आहे की, तडजोडीची रक्कम, म्हणजे चलानाचा दंड, भरल्याने लायसन्सवरील कारवाई टळत नाही. म्हणून दंडाची पावती सोबत ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये.

खरी मेहनत लेखी खुलाशावर घ्यावी. कलम १९ नुसार म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय आदेश काढता येत नाही, आणि खुलासा पटल्यास अधिकारी कारवाई सोडूनही देऊ शकतो. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता (म्हणजे लायसन्स बाळगण्यास व वाहन चालवण्यास मनाई) आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला थेट लायसन्स रद्द, अशी कलम १९(१अ) मधील तरतूद असल्यामुळे, जुनी चलाने खरोखर आपल्याच वाहन चालवण्याबद्दल आहेत का, हे आधी तपासावे. ई-चलान गाडीच्या मालकाच्या नावे निघते, आणि त्या दिवशी गाडी मुलाच्या किंवा चालकाच्या हाती असेल, तर तसा पुरावा जोडावा. नोकरीची अडचण जरूर लिहावी, मात्र सगळी भिस्त तिच्यावर नसावी. खुलाशाच्या दोन प्रती करून एकीवर आवक शिक्का घ्यावा.

आदेश विरोधात गेल्यास तो हाती पडल्याची तारीख नोंदवून ठेवावी, कारण अपिलाची तीस दिवसांची मुदत तेथून मोजली जाते. अपील करताना आदेशाला स्थगितीही मागावी, आणि ती मिळेपर्यंत गाडीला हात लावू नये. अपात्रतेच्या काळात वाहन चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अपघात झाला, तर चालक अपात्र असल्याचा बचाव विमा कंपनीला मिळतो, ही बाब दंडापेक्षा कितीतरी महागात पडू शकते. घरातील गाडी दुसऱ्याच्या नावावर असल्यास त्या मालकालाही हे सांगून ठेवावे, कारण जाणूनबुजून गाडी दिल्याबद्दल तोही कलम १८० खाली अडकतो.

अपात्रतेची मुदत संपली की लायसन्स आपोआप घरी येईल, असे समजू नये. कायद्याने चालकासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट घातली आहे, तेव्हा त्याची चौकशी तीन महिने संपण्याची वाट न पाहता आदेश मिळताच आरटीओत करावी.