ट्रॅकवर सुपरचार्जरचा बेल्ट घसरायचा, तो असा थांबला

सिल्व्हरस्टोनला (इंग्लंडमधला रेस ट्रॅक) तिसऱ्या-चौथ्या लॅपला गाडी तापली की 6000 आरपीएमच्या वर बूस्ट (सुपरचार्जर इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) पडायचा, बॉनेट उघडलं की पुलीभोवती रबराची काळी भुकटी. नवा बेल्ट टाकला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जास्त ताणला, बेल्टवर स्प्रे मारला, त्याने तर उलट चिकट थर बसला. जाम वैताग आला होता.

मग इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढली, बेल्ट उतरवला, क्रँक पुलीवर (इंजिन फिरवतं ती मुख्य पुली) सरळ स्टीलपट्टी धरली तर आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी मोकळी पुली) 2 मिमी बाहेर, आणि हाताने फिरवला तर बेअरिंग खरखरतंय! आधी आयडलर बदलला, मागचा एक वॉशर काढून ओळीत घेतला, मग सगळ्या पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि ब्रशने धातू चमकेपर्यंत घासल्या, शेवटी 6 रिबचाच (आतून 6 उभ्या धारांचा) पण 10 मिमी आखूड बेल्ट चढवला, म्हणजे टेन्शनर मधोमध बसतो. आता सलग 8 लॅप बूस्ट जागचा हलत नाही.