पुढचा अ‍ॅक्सल कुठे तुटावा, हे आधी ठरवा

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला मोठे टायर लावले आणि इंजिनाची ताकद वाढवली की पुढचा अ‍ॅक्सल आज ना उद्या तुटतो. तो कुठे तुटेल आणि त्या जागी दुरुस्तीला किती वेळ व पैसा लागेल, एवढेच आपल्या हातात असते. एक भाग मजबूत केला की सगळा जोर त्याच्या शेजारच्या कच्च्या भागावर जातो, हे लक्षात न घेता महागडे शाफ्ट आणून बसवणारे पुष्कळ असतात. मग शाफ्ट शाबूत राहतो, पण क्राउन-पिनियनचे (जोर चाकांकडे वळवणाऱ्या मधल्या दोन गिअरचे) दाते उडतात आणि भर चिखलात किंवा शर्यतीच्या मैदानात हाउसिंग (बाहेरचे कवच) उघडून बसण्याची वेळ येते. म्हणून निवड आणि मजबुती ही दोन्ही कामे एकाच हिशेबाने करावीत. सर्वांत आधी तुटणारा भाग स्वस्त असावा, बाहेरून हाती लागणारा असावा आणि त्याचा सुटा पर्याय गाडीत सोबत असावा.

हा विषय मुळात अमेरिकेतल्या एक-टनी पिकअप आणि त्यांच्या डेना कंपनीच्या अ‍ॅक्सलभोवती फिरतो, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत. तिकडे ट्रक दोन प्रकारे राबवले जातात. एक म्हणजे खडक, चिखल आणि चढ यांतली ऑफ-रोड चाल. दुसरा प्रकार पुलिंगचा. त्यात मातीच्या साधारण ३०० फूट पट्ट्यावरून एक घसरगाडी ओढायची असते, आणि ट्रक जसजसा पुढे जातो तसतशी तिच्यावरची वजनाची पेटी पुढे सरकून ओढ वाढवत नेते. नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली आणि या खेळाला एकसारखे नियम मिळू लागले. दोन्ही प्रकारांत पुढच्या अ‍ॅक्सलवर येणारा भार वेगळ्या तऱ्हेचा असतो, त्यामुळे एकासाठी योग्य ठरलेली रचना दुसऱ्यासाठी चुकीची ठरू शकते.

भाराचा हिशेब

इंजिनाचा टॉर्क, पहिला गिअर, लो-रेंज (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला हळू, जास्त जोराचा गिअर) आणि अ‍ॅक्सलचा रेशो (क्राउन व पिनियनच्या दात्यांचे प्रमाण) यांचा गुणाकार केला तर आकडा भीतीदायक येतो. ५०० न्यूटन-मीटरचे इंजिन, ४चा पहिला गिअर, २.७ची लो-रेंज आणि ४.१०चा रेशो धरला तर चाकांपाशी एकूण २२,००० न्यूटन-मीटरच्या वर जोर निघतो. प्रत्यक्षात मात्र एवढा जोर शाफ्टला सोसावा लागत नाही, कारण टायर त्याआधीच घसरतो. म्हणजे शाफ्टवरचा खरा भार टायरची पकड ठरवते. पुढच्या अ‍ॅक्सलवर १,५०० किलो वजन आहे, टायरची त्रिज्या ०.४४५ मीटर म्हणजे व्यास सुमारे ३५ इंच आहे आणि पकडीचा गुणांक ०.८ आहे असे धरले, तर पूर्ण अ‍ॅक्सलला सुमारे ५,२४० न्यूटन-मीटर सोसावे लागतात. टायर ४० इंची केला की हाच आकडा जवळजवळ ६,००० होतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांत) हा जोर दोन्ही चाकांत सारखा वाटला जातो. लॉकर (दोन्ही चाके एकत्र बांधणारी यंत्रणा) लावला आणि एक चाक हवेत गेले की अ‍ॅक्सलचे सगळे वजन आणि सगळा जोर दुसऱ्या चाकाच्या एकाच शाफ्टवर येतो, म्हणजे लॉकर घेताना शाफ्टवरचा संभाव्य भार आपण दुप्पट करून घेतो. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय सुट्या भागांची यादी करू नये. झटका आणि उसळी यांमुळे प्रत्यक्ष भार याहून बराच वर जातो, तेव्हा हा आकडा किमान धरावा.

कोणता अ‍ॅक्सल घ्यावा

डेना ४४ची क्राउन साधारण ८.५ इंच व्यासाची असते, तर डेना ६०ची ९.७५ इंच. त्याहून मोठा फरक शाफ्ट आणि क्रॉसमध्ये (वळणाऱ्या चाकाजवळ शाफ्टचे दोन तुकडे जोडणाऱ्या सांध्यात) आहे. डेना ४४च्या आतल्या शाफ्टच्या स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) ३० आणि तिथली जाडी १.३१ इंच असते, तर बहुतेक एक-टनी डेना ६०मध्ये ३५ स्प्लाइन आणि १.५ इंच. पिळाला तोंड देण्याची शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या फरकातून सुमारे ५० टक्के जास्त बळ मिळते. माझे मत असे की ३५ इंचांपर्यंतचे टायर आणि बेताचे इंजिन असेल तर नीट बांधलेला डेना ४४ पुरतो आणि हलकाही पडतो. ३७ इंचांच्या पुढे जायचे असेल किंवा डिझेल ट्रकने पुलिंग करायचे असेल, तर डेना ४४वर पैसे घालत बसण्यापेक्षा थेट डेना ६० शोधावा. लष्करी अडीच-टनी ट्रकचा रॉकवेल अ‍ॅक्सल स्वस्त आणि दणकट म्हणून मोहात पाडतो, पण त्याचे अवाढव्य वजन आणि ६.७२चा रेशो चिखलातल्या राक्षसी टायरांनाच शोभतो.

डेना ६० शोधतानाही डोळे उघडे ठेवावेत. फोर्डच्या १९७८-७९ आणि १९८६ ते १९९१ या काळातल्या एक-टनी ट्रकमधला अ‍ॅक्सल किंगपिनचा (चाक ज्यावर वळते त्या जाड खिळीचा), हाय-पिनियनचा (पिनियन क्राउनच्या मध्याच्या वर असलेला) आणि डाव्या बाजूला डिफरन्शियल असलेला आहे. शेवरोले के-३०चा किंगपिनचाच, पण लो-पिनियनचा आणि उजव्या बाजूचा. आपल्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला डिफरन्शियल हवे. ही साधी गोष्ट न पाहता अ‍ॅक्सल घरी आणला, तर तो विकून दुसरा घेणे एवढाच मार्ग उरतो. फोर्डने १९९२पासून किंगपिनऐवजी बॉल जॉइंट वापरले आणि १९९९च्या सुपर ड्यूटीपासून चाकाच्या आठ बोल्टचे वर्तुळ १६५.१ऐवजी १७० मिलिमीटरचे केले, म्हणून पुढचा अ‍ॅक्सल नवा आणि मागचा जुना ठेवल्यास दोन प्रकारच्या रिम बाळगाव्या लागतात. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो सारखा असणे तर बंधनकारकच आहे.

हाय-पिनियनला लोक जास्त पैसे का मोजतात, हेही समजून घ्यावे. क्राउन-पिनियनच्या हायपॉइड (तिरप्या, वळणदार) दात्याच्या दोन बाजू सारख्या ताकदीच्या नसतात. मागच्या अ‍ॅक्सलसाठी कापलेला क्राउन-पिनियन पुढे फिरवून बसवला, की गाडी पुढे जाताना भार दात्याच्या कमकुवत बाजूवर येतो आणि जोर वाढताच पिनियन व क्राउन एकमेकांपासून दूर सरकू पाहतात. हाय-पिनियनचे दाते उलट दिशेने कापलेले असतात, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये भार योग्य बाजूवर पडतो. शिवाय प्रॉपेलर शाफ्टचा कोन कमी होतो आणि तो दगडांपासून वर राहतो. मात्र अशा गाडीने रिव्हर्समध्ये जोर लावताना हात आखडता घ्यावा, कारण तेव्हा कमकुवत बाजू राबत असते.

रेशो निवडताना फार खोल जाऊ नये. ४.१०वरून ५.३८वर गेले की पिनियनचे दाते कमी होतात, पिनियन बारीक होतो आणि दोन्ही गिअरमधली पकडही घटते. लो-रेंज खोल करून तोच परिणाम साधता येत असेल, तर तो मार्ग अ‍ॅक्सलला सोसवतो.

शाफ्ट, क्रॉस आणि हब

मूळ शाफ्ट साध्या कार्बन पोलादाचे असतात. त्यांच्या जागी ४३४० क्रोमोलीचे घेतले तर ते पिळल्यानंतरही मूळ आकारात परत येतात. जुना शाफ्ट काढल्यावर त्याच्या स्प्लाइनकडे उजेडात नीट पाहावे. त्या सरळ रेषेत नसून किंचित वळलेल्या दिसल्या, तर तो शाफ्ट तुटण्याच्या वाटेवर आहे, आणि तो सुटा भाग म्हणून जपून ठेवण्यातही अर्थ नाही.

क्रॉसचा शत्रू म्हणजे स्टिअरिंगचा कोन. जॉइंट ४० अंशांत वळलेला असताना त्यावरचा टॉर्क सरळ स्थितीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि त्याच वेळी योकचे (क्रॉस धरणाऱ्या शाफ्टच्या दुबेळक्याचे) कान बाहेरच्या बाजूला फाकू लागतात. कान फाकले की क्लिप उडते, कप बाहेर येतो आणि उरलेला तुकडा फिरता फिरता नकल (चाक वळवणारा भाग) व बॉल जॉइंट यांना घेऊन जातो. म्हणून पूर्ण वर्तुळाच्या क्लिप वापराव्यात आणि स्टिअरिंगचे स्टॉप-बोल्ट दोन-तीन अंश आत आणावेत. वळण थोडे मोठे होते, पण अ‍ॅक्सल वाचतो. चालकाने पाळायचा नियमही यातूनच निघतो. लॉकर लागलेला, स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि चाक दगडात अडकलेले असताना अ‍ॅक्सलरेटर कधीही दाबू नये.

फ्यूज म्हणून मी चाकाला शाफ्टशी जोडणारे हबचे लॉक पसंत करतो. ते बाहेर असते आणि गाडी जॅकवर न चढवताही काही मिनिटांत बदलता येते. बाहेरचा तुकडा आणि हब दोन्ही ३५ स्प्लाइनचे करून वर ड्राइव्ह-फ्लँज (लॉकऐवजीची, कायम जोडून ठेवणारी पोलादी चकती) लावली की हा फ्यूज निघून जातो, आणि पुढच्या वेळी क्रॉस किंवा पिनियन त्याची जागा घेतो. शर्यतीत, जिथे एका फेरीपुरता टिकाव हवा असतो, तिथे हे चालते. मुक्कामाच्या ऑफ-रोड प्रवासात ते अंगाशी येते.

हाउसिंगचे वेल्डिंग

डेना हाउसिंगमध्ये मधला भाग ओतीव असतो आणि नळ्या त्यात दाबून बसवून छिद्रांतून वेल्ड केलेल्या असतात. जोर वाढला की नळी या ओतीव भागात फिरते, कॅस्टरचा (चाक वळण्याच्या अक्षाच्या मागच्या झुकावाचा) कोन बिघडतो आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते. यावर उपाय म्हणजे नळीच्या भोवती पूर्ण वेल्ड. मात्र हे काम घाईने केले तर अ‍ॅक्सल कायमचा वाकडा होतो. आतले सर्व काढून, तेलाचा अंशही न ठेवता हाउसिंग धुवावे. ओतीव भाग साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखा तापवावा. निकेलयुक्त रॉडने इंचभराचा टाका मारावा, तो गरम असतानाच लहान हातोडीने हलके ठोकून घ्यावा आणि पुढचा टाका समोरच्या बाजूला मारावा. बेअरिंगच्या घरात गोल चकत्या बसवून त्यांतून एक सरळ दांडा घातलेला असावा, म्हणजे हाउसिंग वाकते आहे का ते कामादरम्यानच कळते. काम झाल्यावर ग्लासवुलमध्ये गुंडाळून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यावे. पाणी किंवा पंखा वापरला तर वेल्डशेजारी केसासारखी भेग पडते आणि ती रंगाखाली दिसतही नाही. वेल्डिंगच्या अर्थचा चिमटा टाक्याजवळच लावावा, नाहीतर विद्युतप्रवाह हबच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि रोलरवर डाग पाडतो.

वरून ट्रस (मजबुतीची पोलादी चौकट) लावायचा असेल तर तो दोन्ही स्प्रिंग-बैठकांच्या मध्ये, नळ्यांवर जास्तीत जास्त लांब बसलेला असावा. पाटे पूर्ण दबल्यावर त्याचा माथा इंजिनच्या ऑइल पॅनला लागत नाही ना, हे वेल्डिंगपूर्वी स्प्रिंग काढून, गाडी खाली बसवून तपासावे. नळीच्या टोकाशी असलेल्या सी-आकाराच्या भागाला पट्ट्यांचा आधार देण्याआधी कॅस्टर ४ ते ६ अंशांत बसवून घ्यावा, कारण नंतर तो हलत नाही.

पुलिंगसाठी वेगळे काय

पुलिंगचा ट्रक सरळ रेषेतच धावतो, त्यामुळे पुढे स्पूल (दोन्ही शाफ्ट कायमचे एकत्र बांधणारा तुकडा) बसवता येतो. वळायचेच नसल्याने डिफरन्शियलची गरज उरत नाही. ऑफ-रोड गाडीत मात्र हवेवर चालणारा, हवा तेव्हा सोडता येणारा लॉकरच घ्यावा. पुढच्या टोकाला टांगलेल्या वजनांमुळे पुढचे टायर मातीत रुततात आणि चांगले खेचतात, पण ओढ वाढू लागली की हिचवरचा भार मागे बसतो आणि पुढचा भाग हलका होतो. याच वेळी चाके उड्या मारू लागली, तर प्रत्येक उडीनंतर जमिनीला टेकणारा टायर शाफ्टला हातोड्यासारखा झटका देतो. पुलिंगमधली बरीच मोडतोड अशा उड्यांमुळे होते. पाट्यांचा पीळ रोखणारे मजबूत ट्रॅक्शन बार लावून त्या थांबवाव्यात.

पुढची दोन्ही चाके एकमेकांना जोडणाऱ्या टाय रॉडकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पुढची चाके खेचू लागली की ती आत वळू पाहतात. टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर त्यावर ताण येतो आणि तो टिकतो, पण पुढे असेल तर तो दाबला जातो आणि पातळ नळीचा असल्यास धनुष्यासारखा वाकतो. तिथे जाड भिंतीची शिवणरहित नळी घालावी. फिरता प्रॉपेलर शाफ्ट तुटून चालकाच्या पायाशी येऊ नये म्हणून जॉइंटभोवतीचे पोलादी कवच घरच्या सरावातही काढू नये.

आपल्याकडच्या जिप्सीबद्दल

हाच हिशेब मारुती जिप्सीला लागू पडतो. २०१४पासून गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत ती दिसते. तिच्या पुढच्या सलग अ‍ॅक्सलमध्ये क्रॉसऐवजी बंद गोळ्यातला बिरफिल्ड जॉइंट असतो. पूर्ण वळणावर टकटक आवाज येऊ लागला की त्याचा पिंजरा किंवा घंटेसारखी वाटी तडकत आली असे समजावे. पाण्यातून गाडी काढल्यावर गोळ्यातले ग्रीस दुधी दिसले, तर सील बदलून ग्रीस पूर्ण धुऊन नवे भरावे. अनेक वाट्या त्या मळकट पाण्यानेच जातात. २०१०नंतरच्या थारच्या बहुतेक मॉडेलना पुढे स्वतंत्र सस्पेंशन आहे, म्हणून वरचे हाउसिंगचे काम त्यांना लागू होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या गाडीचा अ‍ॅक्सल बदलण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली परिवहन कार्यालयाची परवानगी लागते का, हेही पाहून घ्यावे.

जोडणी आणि पहिल्या फेऱ्या

नवा क्राउन-पिनियन बसवताना बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवावा आणि दात्यांवर रंग लावून उमटलेला ठसा दात्याच्या मध्यावर आहे का ते पाहावे. ठसा टोकाकडे सरकलेला असेल तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा जोडावे, मग त्यात अख्खा दिवस गेला तरी चालेल. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटे हलक्या हाताने चालवून हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे, असे दोन-तीनदा करावे, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. काढलेल्या तेलात बारीक चमक असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला टोचणारा कण मिळाला तर कव्हर उघडावे. यू-बोल्ट पहिल्या फेरीनंतर सैल पडतातच, तेव्हा ते टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. गाडीच्या पेटीत हबचे एक लॉक, एक क्रॉस, क्लिपची जोडी आणि सर्क्लिप प्लायर ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये.