ब्रोमेलेनच्या गोळीने सूज उतरते का? रिसर्च असा तपासा

दाढ काढली, पाय मुरगळला की हल्ली एन्झाइमची गोळी हातात येते आणि नेटवर बघावं तर सगळीकडे "संशोधनाने सिद्ध". ब्रोमेलेन म्हणजे अननसातून, मुख्यतः त्याच्या खोडातून काढलेलं, प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइम्सचं मिश्रण.

पहिलं बघायचं ते अभ्यासात नक्की काय दिलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत ब्रोमेलेन ९० मिग्रॅ, ट्रिप्सिन ४८ आणि रुटोसाइड १०० असं एकत्र असतं, मग फायदा दिसला तरी तो एकट्या ब्रोमेलेनचा कसा म्हणणार? भाजलेल्या जखमेवर लावायचं ब्रोमेलेनचं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं, पण ते मेलेली कातडी काढायला, त्याचा दाखला गोळीसाठी देणं चूकच. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणतात ते प्रयोगही तिथपर्यंतच धरा.

आता खरा मुद्दा, तुलना कोणाशी केली? अक्कलदाढ काढल्यावर सूज साधारण दोन-तीन दिवस वाढते आणि मग आपोआप उतरते, म्हणजे त्या आठवड्यात काहीही घेतलं तरी गुण आल्यासारखंच वाटणार, म्हणून प्लासिबोचा, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा, ग्रुप हवाच. ब्रिटनमधली गुडघ्याची दोन संशोधनं शेजारी ठेवून बघा. २००२ चं ओपन होतं, म्हणजे काय घेतोय ते लोकांना माहीत होतं आणि प्लासिबो नव्हता, त्यात रोज ४०० मिग्रॅ घेणाऱ्यांचा त्रास ५९ टक्के कमी झाला. २००६ मध्ये, त्यातल्याच काही संशोधकांनी रोज ८०० मिग्रॅ १२ आठवडे प्लासिबोसमोर दिलं, तर काहीच ठोस फरक नाही! पेशंट वेगळे होते हे खरंय, पहिल्यात साधी गुडघेदुखी आणि दुसऱ्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज, शिवाय दुसरं फक्त ४७ जणांवर, त्यामुळे "अजिबात उपयोग नाही" असंही त्यावरून म्हणू नका. पण जाहिरातीत ५९ टक्केच दिसणार.

डोस बघताना नुसते मिग्रॅ पुरत नाहीत, एन्झाइमची ताकद जीडीयू किंवा एमसीयू या एककांत मोजतात, ती लेबलवर नसेल तर अभ्यासातल्या डोसशी जुळवणार कसं? पैसे कोणी दिले तेही वाचा, आणि भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाइटवर, आधी काय मोजायचं ठरवलं होतं ते शोधा.

वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा अननसाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि एकाच पायाला अचानक सूज आली तर रिसर्च वाचत बसू नका, रक्ताची गाठ असू शकते, लगेच दाखवा.